सरपंच सूनबाई झाली आहे

चि. लेकरास,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मागं हलगी वाजत होती आणि तू ओरडून सांगत होतास, "दादा, आपण सरपंच झालो!" आनंद झाला. तुझ्या मायनं लगेच ताईच्या देवघरात साखर ठेवली. संध्याकाळी तू बॅनरचा फोटो पाठवलास, तो मी मोठा करून पाहिला. वर नेत्यांची ओळ, मधोमध हात जोडलेला तू, आणि तुझ्या खांद्यामागं पासपोर्ट फोटोएवढी सूनबाई. तिच्या नावापेक्षा तुझं टोपणनाव मोठ्या अक्षरात.

फोनवर बोलणार होतो, पण तुझ्याभोवती गुलालातली माणसं होती. समोर बसूनही हे माझ्या तोंडून निघालं नसतं. म्हणून ताईच्या पोराची वही घेऊन बसलो आहे.

आपण सरपंच झालो नाही. ती झाली. लोकांनी थेट तिच्या नावापुढचं बटण दाबलं. मतदानाला कारखान्यावरून गाड्या भरून माणसं आली, उसाच्या फडातून उठून, हातापायाला पाचटीच्या चिरा घेऊन, आणि मत देऊन रातोरात परत गेली. ती माणसं तिच्या नावावर आली होती. तू राबलास, उन्हातान्हात फिरलास, ते मी नाकारत नाही. पण राबणं वेगळं आणि मालकी वेगळी. हे मला साठी ओलांडल्यावर कळलं, तुला चौतिसाव्या वर्षी कळावं म्हणून लिहितो.

मायच्या डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी झालं. मोतीबिंदू पिकला होता, आता बरं आहे. ऑपरेशनच्या आधी नर्सबाईनं संमतीपत्र आणलं. मोठी अक्षरं, मराठीत. तिचा दुसरा डोळा चांगला आहे, सातवीपर्यंत शिकलेली आहे, पोथी वाचते. नर्स म्हणाली, "आजी, वाचून सही करा." तुझ्या मायनं कागदाकडं पाहिलंसुद्धा नाही. पेन हातात घेऊन माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "कुठं करू?"

ऑपरेशन तिचं, डोळा तिचा, आणि मला विचारते कुठं करू. मी बोट ठेवलं, तिनं सही केली. ती आत गेल्यावर मी बाहेरच्या बाकावर बसलो आणि मला आठवलं की हे दोन शब्द तिला कुणी शिकवले.

2012 ला आपल्या गावचं सरपंचपद महिलेला सुटलं. 73 व्या घटनादुरुस्तीनं 1993 पासून पंचायतीत बायांना एक तृतीयांश जागा होत्या, महाराष्ट्रानं 2011 मध्ये त्या निम्म्या केल्या. सोडत निघाली त्या संध्याकाळी पारावर ठरलं की तुझ्या मायला उभं करायचं. ती तेव्हा रानात खुरपत होती. रात्री जेवताना मी तिला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. निवडून आली आणि पाच वर्षं कार्यालयातल्या खुर्चीवर मी बसलो. लोक मला सरपंच म्हणायचे, मी ओ द्यायचो. ग्रामसेवक चेकबुक घेऊन घरी यायचा. ती चुलीपुढून उठायची, पदराला हात पुसायची आणि सही करायची. तरी पहिली चार वर्षं ती विचारायची, "हे कशाचं हाय?" मी अर्धवट काहीतरी सांगायचो, पण ती विचारायची.

मग 2016 चा उन्हाळा आला. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तोच उन्हाळा. आपल्याकडं टँकर चालू होता. दिवसाला दोन खेपा मंजूर, त्यातली एक कधी यायची, कधी नाही. टँकर कुठल्या विहिरीत ओतायचा हे मी ठरवायचो आणि तो आपल्या अंगाच्या विहिरीत ओतला जायचा. ओढ्यापलीकडच्या वस्तीनं आपल्याला मतं दिली नव्हती. मी तसं बोलून कधी दाखवलं नाही, पण मनात तेच होतं. त्यांना उरलंसुरलं मिळायचं, गढूळ, तळाचं.

एका सकाळी मी तहसीलला अंबाजोगाईला गेलो होतो. वस्तीवरच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन आपल्या अंगणात आल्या. घागरी ओळीनं मांडल्या आणि खाली बसल्या. एका म्हातारीनं विचारलं, "सरपंचबाई, आमच्या लेकरांनी काय प्यावं?" तुझ्या मायला काहीच माहीत नव्हतं. ती म्हणू शकली असती की हे मालकांनी ठरवलं, मला विचारू नका. ती म्हणाली, "चुकलं माझं. उद्यापासून पहिली खेप तुमच्याकडं." रांजणातलं पाणी तिनं त्या घागरींमध्ये वाटून टाकलं.

रात्री मी आलो, तिनं सगळं सांगितलं. मी भडकलो. मला न विचारता कसं ठरवलंस म्हणालो. तिनं शांतपणे सांगितलं, "सही माझी हाय."

लेकरा, तिथंच मी गप्प बसायला हवं होतं. मी तिच्यासमोर टँकरवाल्याला फोन लावला आणि पहिली खेप होती तिथंच ओतायला सांगितली. दुसऱ्या दिवशी ती एकटी ओढा ओलांडून वस्तीवर गेली, दिलेला शब्द पाळता आला नाही म्हणून त्या म्हातारीसमोर उभी राहिली. काय बोलली, काय ऐकून आली, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्या दिवसापासून तिनं "हे कशाचं हाय" म्हणणं सोडलं. "कुठं करू" एवढंच विचारू लागली. मुदत संपली, तरी घरातही तेच राहिलं. बैलजोडी विकली तेव्हा, ताईचं स्थळ पाहिलं तेव्हा, बोअर पाडलं तेव्हा. मला वाटायचं किती समंजस बाई आहे, कशाला आडवी येत नाही. अधिकार मी वापरला आणि शिव्या तिच्या नावावर गेल्या. नवऱ्यानं बायकोचं आणि पुढाऱ्यानं गावाचं इतकं देणं एकाच रात्री बुडवलेलं मी दुसरीकडं पाहिलं नाही.

हा माणूस कोण होता ते तुला माहीत असावं. 1986 ला चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं तेव्हा मी लाल बिल्ला लावून ट्रकनं गेलो होतो. "भीक नको, हवे घामाचे दाम" ओरडून घसा बसवून घेतला होता. पुढं संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा म्हणून. 1992 पासून तर शासनाचीच तशी योजना आहे. नवऱ्यानं अर्ज दिला की त्याच्या हयातीतच सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. मी सभेत टाळ्या वाजवल्या आणि अर्ज दिला नाही. घरचंच तर आहे, कागदाला काय करायचं, असं म्हणत तीस वर्षं काढली. सरकारकडं घामाचा दाम मागितला आणि माझ्या रानात माझ्यापेक्षा जास्त वाकलेल्या बाईचा घाम कधी मोजला नाही. गावी आलो की तलाठ्याकडं अर्ज देणार आहे. ताईला सांगितलं, तिला बरं वाटलं. तुला कळवतो आहे. यात परवानगी मागण्यासारखं काही नाही.

आता तुझ्याकडं वळतो.

आपलं निम्मं गाव दसऱ्या-दिवाळीनंतर ऊस तोडायला जातं. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते आणि मुकादम ती गड्याच्या हातात मोजतो. बाई पहाटे तीनला उठून भाकरी थापते, फडात मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, रात्री पुन्हा चूल. हिशेबात तिचं नाव कुठंच नसतं. खाडा झाला तर दंड, म्हणून पाळीच्या दिवसांतही ती फडात. बीड जिल्ह्यात कमी वयाच्या बायांच्या गर्भाच्या पिशव्या काढल्या गेल्याचं 2019 मध्ये पेपरात आलं, विधिमंडळात गाजलं, चौकशी समिती नेमली गेली. आपल्या गावातही तशा बाया आहेत. मी पाच वर्षं खुर्चीवर होतो, एकीनंही मला ते सांगितलं नाही. कशी सांगेल? सांगायला त्यांनी एक बाई निवडून दिली होती आणि तिथं मी बसलो होतो.

म्हणून ती खुर्ची सोड. घरातला माणूस म्हणून नाही, गावचा माणूस म्हणून सांगतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, ती नुसती रजिस्टरवर अंगठे घेऊन होऊ देऊ नकोस, आणि तिच्या आसपास फिरकूही नकोस. कार्यालयात नातेवाइकांनी बसायचं नाही हे शासनाचं परिपत्रक आहेच, पण परिपत्रकाच्या भीतीनं सोडशील तर दारामागं उभा राहशील. तसं नको. ग्रामसभेत खाली सतरंजीवर चार माणसांत बस. प्रश्न असेल तर हात वर करून विचार, तिला आवडला नाही तरी विचार. आठ दिवसांत ग्रामसेवक डिजिटल सहीचं डोंगल आणेल. आसपासच्या गावांत ते कुणाच्या खिशात असतं ते तुला ठाऊक आहे. ते सूनबाईच्या पर्समध्ये राहू दे. पासवर्ड विचारू नकोस. पैसे तिच्या आणि ग्रामसेवकाच्या सहीनं निघतात, उद्या चौकशी लागली तर नोटीस तिच्या नावानं येईल, तुझ्या नाही.

ती चुकेल. एखादा ठेकेदार गोड बोलून फसवेल, सभेत आवाज कापेल. रात्री तिनं विचारलं तर माहीत आहे ते सगळं सांग, काही लपवू नकोस. विचारलं नाही तर झोप. आणि तिनं बाहेर शब्द दिला असेल, तो तुला चुकीचा वाटला तरी तिच्याशी घरात भांड, बाहेर फोन लावू नकोस. मी लावलेला एक फोन तुझी माय आजपर्यंत भोगते आहे.

एकनाथ महाराजांची गोष्ट कीर्तनात किती वेळा ऐकली आपण. श्राद्धाचा स्वयंपाक नाथांनी भुकेल्या माणसांना वाढला, आणि श्राद्धासाठी सगळा पुन्हा करावा लागला. कीर्तनकार नाथांपाशी थांबतो. मला हल्ली भरल्या घरात पुन्हा चूल पेटवणारी नाथांची बायको गिरिजाबाई दिसते. तिच्या हाताशिवाय नाथांचा धर्म त्या दिवशी पुरा झाला नसता. आपल्या घरात आता गावाचं काम सूनबाईनं करायचं आहे, तेव्हा दुसऱ्यांदा चूल पेटवायची पाळी तुझी. पिंट्याला शाळेतून आणणं, दूध घालणं, ती तालुक्याला मीटिंगला गेली की कुकर लावणं. कुणी हसलं तर हसू दे. मदत करतो म्हणून मिरवूही नकोस, तिनं एवढी वर्षं केलं तेव्हा कुणी बॅनर लावला नव्हता.

बॅनर आजच उतरव. नवा करायचाच असेल तर तिचा एकटीचा फोटो, तिचं नाव. तिच्या माहेरच्या माणसांना बोलाव, तिच्या बापानं तिला बारावीपर्यंत सायकलवर नेऊन सोडलं आहे.

येळवस, वेळा अमावस्या, जवळ आली. आपल्या कोपीपाशी येईल त्याला आंबील-भज्जी वाढायची रीत तुझ्या आज्यापासून आहे, कोण कुणाचा मतदार ते तिथं कुणी विचारत नाही. यंदा ओढ्यापलीकडच्या वस्तीला तू स्वतः जाऊन सांगून ये. विरोधात लढलेल्या बाईच्या घरीही जा, आणि सूनबाईला यायचं असेल तर ती येईल, तिला पुढं करून नेऊ नकोस.

हे सगळं लिहून तुझ्या मायच्या हातात दिलं. तुझ्याबद्दल नंतर, आधी तिच्याबद्दल लिहिलं होतं, तेव्हा तिला विचारणं भाग होतं. काळा चष्मा वर करून चांगल्या डोळ्यानं तिनं सगळं वाचलं. बराच वेळ लागला. मग म्हणाली, "घागरी अंगणात नव्हत्या. वसरीपर्यंत आल्या होत्या. नीट लिवा." आणि म्हणाली, "ती म्हातारी अजून हाय. सूनबाईला म्हणावं, खुर्चीवर बसायच्या आधी तिच्याकडं जाऊन ये."

तुझे,
दादा