मागून येणाऱ्यांचेही ऐका!

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा आला की आपल्या दैनिकात धावण्याच्या स्पर्धांच्या बातम्या सुरू होतात. कोण पहिला, कोण दुसरी, किती मिनिटांत, बक्षीस किती. मी त्या आवडीने वाचते. पण अशा स्पर्धेत उतरणाऱ्या बहुतेकांचा त्या पहिल्या दहांशी काडीचा संबंध नसतो. आम्ही मागून येतो, रमतगमत येतो आणि आमच्याबद्दल कोणी लिहीत नाही. म्हणून मीच लिहायला बसले.

पन्नाशी उलटल्यावर मी धावू लागले. ठाण्यात पाचपाखाडीला राहते. पहाटे उपवनला जायचे, तलावाभोवती धावायचे, अंगात जोर असेल त्या दिवशी येऊरचा चढ थोडा चढून यायचा, असा शिरस्ता. स्पर्धेहून परतले की सोसायटीच्या लिफ्टमध्येच पहिला प्रश्न येतो, "काकू, टायमिंग किती?" पाऊस होता का, मजा आली का, गुडघा काय म्हणतो, हे विचारायला कोणाला सुचत नाही. एकवीस किलोमीटरला तीन तास लागले असे सांगितले की समोरचा चेहरा पाडतो आणि वर माझे सांत्वनही करतो, "हरकत नाही, पुढच्या वेळी होईल." अहो, काय होईल? मला ते तीनच तास हवे होते!

त्या तीन तासांत काय असते ते सांगते. एरवी घोडबंदर रोडवर बसच्या खिडकीशी बसून आपण कंटेनरच्या रांगा मोजतो. माजिवड्याहून मानपाड्याला पोचेपर्यंत माणसाचा जीव मेटाकुटीला येतो. स्पर्धेच्या सकाळी तोच रस्ता मोकळा, ओला, पायाखाली. डोक्यावर मेट्रोचे खांब, बाजूला येऊरच्या डोंगरावर ढग टेकलेले. कडेला शाळेतल्या मुलींचे लेझीम, कुठे ढोल-ताशा, कुठे गॅलरीतून छत्री हलवणाऱ्या आजी. लहान मुले टाळी द्यायला हात पुढे करून उभी असतात. मी एकही हात चुकवत नाही. शेजारून धावणारे कोणी डोंबिवलीचे, कोणी ऐरोलीचे. दोन किलोमीटरमध्ये मुलाच्या दहावीपासून सासूबाईंच्या मोतीबिंदूपर्यंत सगळे बोलून होते. पुढे तो माणूस पुन्हा कधी भेटत नाही, तरी बिघडत नाही. घड्याळाकडे डोळे लावून धावणाऱ्याला यातले काय दिसत असेल, मला खरेच कुतूहल आहे.

आमच्या सकाळच्या गटातली तरुण मुले यावर हसतात. त्यांच्या मनगटावर घड्याळ, घड्याळात पेस, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटे, पेसवरून चर्चा, चर्चेवरून रुसवेफुगवे. सिग्नलला थांबावे लागले तर आधी घड्याळ थांबवतात, मग स्वतः. यात त्यांना आनंद मिळत असेल तर माझी ना नाही. पण ठाण्यातल्या ऑगस्टच्या हवेत पीबी, म्हणजे स्वतःची आजवरची सर्वांत चांगली वेळ, काढायचा हट्ट धरू नये असे मात्र मी त्यांना सांगते. हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. घाम वाळला तरच शरीर थंड होते; तो वाळला नाही की आतली उष्णता वाढत जाते आणि त्याच वेगाला हृदयाला जास्त काम पडते. डिसेंबरातली वेळ पावसाळ्यात गाठायला जाणारा मग पंधराव्या किलोमीटरला दुभाजकावर डोके धरून बसलेला दिसतो. धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, ही जुनी कसोटी अशा हवेत घड्याळापेक्षा जास्त भरवशाची.

वेळेला किंमत नाही असे मी म्हणत नाही. शिवनाथ सिंह यांनी १९७८ मध्ये जालंधरला मॅरेथॉन, म्हणजे सुमारे बेचाळीस किलोमीटर, २ तास १२ मिनिटांत पूर्ण केली आणि त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे एकाही भारतीयाला ती वेळ मोडता आली नाही. आपल्या साताऱ्याची ललिता बाबर, नाशिकची कविता राऊत कुठून कुठे गेल्या, ते सेकंदांचा हिशोब ठेवूनच गेल्या. आपल्याकडच्या स्पर्धांतही खेड्यापाड्यांतून मुले-मुली एसटीने येतात, कोणाच्या तरी ओळखीने रात्र काढतात आणि पहाटे जिवाच्या आकांताने धावतात. बक्षिसाची रक्कम त्यांना हवी असते, पुढे पोलीस किंवा सैन्यभरती असते. त्यांच्या सेकंदावर त्यांचे पोट आहे. त्यांच्यासाठी रस्ता मोकळा हवा आणि निकाल चोख हवा, यात दुमत नाही. पण नौपाड्यातल्या पन्नाशीच्या गृहस्थाने, ज्याला सोमवारी पुन्हा बँकेत जाऊन बसायचे आहे, एकवीस किलोमीटरला दोन तास दहा की दोन तास वीस यावरून आठवडाभर तोंड पाडून का बसावे?

आता थोडे आमच्याच मंडळींना. हळू धावतो म्हणून रस्ता आपल्या मालकीचा होत नाही. चौघीचौघी हातात हात घालून चालू नये, पाण्याच्या टेबलासमोर सेल्फीसाठी थबकू नये, चालायचे असेल तर कडेला व्हावे. सुरुवातीला पुढे घुसण्यात तर काहीच हशील नाही. बिबला, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या कागदाला, वेळ नोंदवणारी चिप असते आणि आपण आरंभरेषेवरची मॅट ओलांडू तेव्हापासून आपली वेळ मोजली जाते. मागे उभे राहिले तर कोणाचे काही जात नाही. पुढे राहिलो तर मागून सुसाट येणाऱ्या एखाद्या मुलीची शर्यत आपल्यामुळे बिघडते.

हे पत्र लिहिण्याचे खरे कारण आयोजकांशी संबंधित आहे. गेल्या हिवाळ्यात नवी मुंबईतल्या एका स्पर्धेत मी आणि माझ्या मागची पाच-सात माणसे जाहीर केलेल्या वेळेच्या आत परतत होतो. शेवटच्या टप्प्यात पाण्याची टेबले उचललेली. पुढे वळणावर दिशा दाखवणारा स्वयंसेवकही गेलेला. समाप्तीरेषेवर पोचलो तर कमान खाली उतरवत होते आणि मॅट गुंडाळून टेम्पोत चढली होती. मेडल एका खोक्यातून 'घ्या' म्हणून हातात दिले. शुल्क मात्र सगळ्यांकडून सारखेच घेतले होते. माझ्या मागे एक सत्तरीचे गृहस्थ होते, त्यांची नोंद 'स्पर्धा अपूर्ण' अशी लागली.

जगात वेगवेगळ्या रीती आहेत. होनोलुलूच्या मॅरेथॉनला वेळेची मर्यादाच नाही. शेवटचा माणूस येईपर्यंत वाट पाहतात. फौजा सिंग यांनी वयाच्या शंभराव्या वर्षी, २०११ मध्ये, टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली तेव्हा त्यांना आठ तासांहून अधिक वेळ लागला, आणि तो नोंदलाही गेला. उलट दक्षिण आफ्रिकेतली सुमारे नव्वद किलोमीटरची कॉम्रेड्स बारा तास झाले की बंदुकीचा बार काढून बंद होते. एक पाऊल बाहेर राहिलात तरी मेडल नाही. कठोर आहे, पण तो नियम धावणाऱ्याला आधीपासून पक्का ठाऊक असतो आणि समाप्तीरेषेवर बारा तास पूर्ण होण्याआधी कोणी आवराआवर करत नाही. इंग्लंडमध्ये २००४ साली लंडनच्या बुशी पार्कात सुरू झालेल्या 'पार्करन' या दर आठवड्याच्या धावण्याच्या उपक्रमात तर सर्वांत शेवटी चालणारा एक स्वयंसेवक नेमलेला असतो. शेवटचा नंबर त्याचाच, त्यामुळे दुसऱ्या कोणाला तो लागत नाही. ही शेवटची युक्ती आपल्याकडे उद्यापासून करता येईल. तिला खर्च म्हणजे एक टी-शर्ट.

वाहतूक किती वेळ अडवायची, ही पोलिसांची अडचण मला समजते. घोडबंदर रोड किंवा पाम बीच मार्ग दुपारपर्यंत बंद ठेवा अशी मागणी कोणी शहाणा माणूस करणार नाही. रस्ता खुला झाला की आम्ही पदपथावरून येऊ. एक टेबल पाणी, वळणावर एक माणूस आणि शेवटची मॅट जाहीर केलेल्या मिनिटापर्यंत जागेवर, एवढेच पुरे. आणि किती तास थांबणार हा आकडा शुल्क घेण्याआधी, जाहिरातीतच, बक्षिसाच्या रकमेइतक्या मोठ्या अक्षरांत छापावा. तो झेपणारा नसेल तर आम्ही नाव नोंदवणार नाही, त्या रविवारी येऊरला जाऊ.

आपली,
एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे (प.)