डिस्चार्जच्या दिवशी यश ठरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जठराचा किंवा अन्ननलिकेचा कर्करोग काढल्याची बातमी आपल्या अंकात आली की मी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. किती तास लागले, गाठ केवढी होती, दुर्बिणीने केली की रोबोटने, रुग्ण कितव्या दिवशी घरी गेला, हे सगळे त्यात असते. रुग्ण पुढे नीट जेवू शकला का, हे मात्र नसते. असणार तरी कसे? बातमी डिस्चार्जच्याच दिवशी लिहिलेली असते. या दोन अवयवांवरच्या शस्त्रक्रियेचे खरे मोजमाप पुढच्या काही वर्षांत होते. ते मोजमाप करणारे संशोधन जगात झाले आहे, चांगले झाले आहे, पण ते वाचकांपर्यंत पोचत नाही. हे पत्र त्यासाठीच.

माझा या विषयाशी संबंध घरातूनच आला. थोरल्या भावाला अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. आधी केमो आणि रेडिएशन, मग शस्त्रक्रिया. यात अन्ननलिकेचा बहुतेक भाग काढून टाकतात, जठराची लांबट नळी करतात, ती छातीतून वर ओढून घेतात आणि मानेपाशी उरलेल्या टोकाला जोडतात. शस्त्रक्रिया उत्तम झाली, जोड गळला नाही. सर्जनांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण घरी आल्यावर जे सुरू झाले त्याची आम्हाला काहीच कल्पना नव्हती. जठराच्या तोंडाशी जी झडप असते ती आता राहिलेली नाही, त्यामुळे आडवे झाले की पोटातले घशाशी येते. पलंगाची उशाकडची बाजू उंच करून घेतली, तरी झोपेत तो घसरून खाली यायचा आणि ठसका लागून उठायचा. चार घास झाले की पोट गच्च. घाईत एखादा घास जास्त गेला तर थोड्याच वेळात दरदरून घाम, छातीत धडधड, आणि भिंतीला टेकून डोळे मिटून तसाच बसून राहायचा. याला डम्पिंग म्हणतात. अन्न जठरात थांबत नाही, एकदम लहान आतड्यात उतरते आणि तिथे पाणी ओढून घेते. हे आम्हाला बऱ्याच उशिरा एका आहारतज्ज्ञ बाईंकडून कळले. थोडे थोडे आणि पुष्कळ वेळा खायचे, जेवताना पाणी प्यायचे नाही, गोड टाळायचे, एवढे जरी आधी कोणी सांगितले असते तरी निम्मी भीती गेली असती.

तेव्हापासून मी मिळेल ते वाचत गेलो. 29 जानेवारी 1881 रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी थेरेस हेलर या बाईंच्या जठराचा कर्करोग झालेला भाग काढला आणि उरलेले जठर आतड्याला जोडले. त्याआधी फ्रान्समध्ये पेआँ यांनी 1879 मध्ये आणि पोलिश सर्जन रिडिगिअर यांनी 1880 मध्ये हाच प्रयत्न केला होता, पण त्यांचे रुग्ण वाचले नाहीत. हेलरबाई वाचल्या, खाऊ लागल्या, घरी गेल्या. साधारण चार महिन्यांनी कर्करोग उलटला आणि त्या गेल्या. न्यूयॉर्कमध्ये 1913 साली फ्रान्झ टोरेक यांनी एका वृद्ध स्त्रीची छातीतली अन्ननलिका काढली. जोडायला काही उरले नव्हते, म्हणून मानेवरचे छिद्र आणि पोटावरचे छिद्र यांच्यामध्ये शरीराच्या बाहेरून एक रबरी नळी लावली. बाई तोंडाने चावून गिळत आणि घास त्या नळीतून पोटात जाई. त्या पुढे बारा-तेरा वर्षे जगल्या. दोन्ही शस्त्रक्रियांचे स्थान मोठे आहे. पण आज आपण त्यांच्याविषयी काही खात्रीने बोलू शकतो ते कशामुळे? त्या रुग्णांचे पुढे काय झाले याची नोंद कोणी तरी ठेवली म्हणून.

नेदरलँड्समधला एक अभ्यास मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. जठराच्या कर्करोगात भोवतालच्या लसिका ग्रंथी, म्हणजे ज्यांच्यात कर्करोग पसरतो त्या छोट्या गाठी, किती काढायच्या, हा जुना वाद. जपानी सर्जन लांबवरच्या ग्रंथीही काढत, त्याला डी-2 म्हणतात. जठराला लागून असलेल्याच काढायच्या ती डी-1. डच सर्जनांनी 1989 ते 1993 या काळात चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण दोन गटांत वाटले. बरे होण्याच्या आशेने शस्त्रक्रिया झालेले 711 जण होते. डी-1 मध्ये 4 टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले, डी-2 मध्ये 10 टक्के. पाच वर्षांनी हयात असलेले 45 टक्के आणि 47 टक्के, म्हणजे फरक नाहीच. 1999 मध्ये त्यांनी निकाल छापला की डी-2 सरसकट करू नये. त्या आकड्यांवरून दुसरा कोणता निष्कर्ष निघालाही नसता.

पण त्यांनी रुग्णांची यादी बंद केली नाही. पंधरा वर्षे ते रुग्णांची खबर घेत राहिले. 2010 मध्ये दिसले की डी-1 गटात 48 टक्के रुग्ण जठराच्या कर्करोगानेच गेले होते, डी-2 गटात 37 टक्के. सुरुवातीच्या जादा मृत्यूंमागे, डी-2 करताना सोबत प्लीहा आणि स्वादुपिंडाचे शेपूट काढण्याचा मोठा हात होता, हेही स्पष्ट झाले. एकूण हयातीतला फरक, 21 आणि 29 टक्के, संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही आणि तो त्यांनी तसाच मांडला. पण शिफारस फिरली. डी-2 करा, प्लीहा आणि स्वादुपिंडाला विनाकारण हात लावू नका, आणि ज्यांचा हात बसला आहे त्यांनीच करा. पाच वर्षांवर थांबले असते तर उलटाच धडा जगभर शिकवला गेला असता.

जपानी सर्जनांनीही आपलीच पद्धत कसोटीला लावली. महाधमनीच्या भोवतालच्या ग्रंथीही काढल्या तर फायदा होतो का, हे त्यांनी 523 रुग्णांवर पाहिले. 2008 मध्ये उत्तर आले की नाही होत, दोन्ही गटांत पाच वर्षे जगलेले सुमारे 70 टक्केच. जठराच्या वरच्या भागातल्या गाठींसाठी प्लीहा काढण्याची रीत होती. जठराच्या मोठ्या वक्रतेपर्यंत, म्हणजे त्याच्या बाहेरच्या लांब कडेपर्यंत, गाठ पोचलेली नसेल तर तिचीही गरज नाही, हे 2017 मध्ये सिद्ध झाले. स्वतःच्या हातातली कला कमी करा असे सांगणारा पुरावा स्वतःच गोळा करायचा, याला मन मोठे लागते. अशी बातमी मी मात्र कधी पहिल्या पानावर पाहिली नाही.

अन्ननलिकेच्या बाबतीतही हेच. क्रॉस या डच अभ्यासात शस्त्रक्रियेआधी केमो-रेडिएशन दिल्याने रुग्णांच्या जगण्याचा मध्यांक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, 24 महिन्यांवरून 49 महिन्यांवर गेला. तो 2012 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि माझ्या भावाला मिळालेला उपचार त्याच वाटेवरचा. त्यात काढलेल्या अन्ननलिका तपासल्या तेव्हा 29 टक्के रुग्णांच्या नमुन्यात जिवंत कर्कपेशी उरलीच नव्हती. मग प्रश्न उभा राहिला की अशांची अन्ननलिका काढायलाच हवी होती का? सानो या अभ्यासात, केमो-रेडिएशननंतर रोग कुठेच सापडत नाही अशा काही रुग्णांवर फक्त बारकाईने नजर ठेवली आणि रोग परत दिसला तरच शस्त्रक्रिया केली. दोन वर्षांच्या हयातीत ते लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा मागे पडले नाहीत. हे वाचून कोणी ठरलेली शस्त्रक्रिया परस्पर रद्द करू नये. नजर ठेवणे म्हणजे पुन्हा पुन्हा दुर्बीण, तुकडा तपासणी आणि स्कॅन, तेही अनुभवी केंद्रात. पण आमच्यासारख्या घरांना हा प्रश्न विचारला जातो आहे, एवढे तरी कळायला हवे.

आणखी एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. 2012 मध्ये अन्ननलिका काढण्याच्या शस्त्रक्रियेवरचे 122 शोधनिबंध एकत्र वाचण्यात आले. जोड गळणे ही यातली सर्वांत भीतीची गुंतागुंत, आणि तिची 22 वेगवेगळी वर्णने सापडली. एकाच्या हिशेबी जी गळती, ती दुसऱ्याच्या हिशेबी गळतीच नाही. मग ‘आमच्याकडे गळतीचे प्रमाण सर्वांत कमी’ या दाव्याला काय अर्थ? 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने समान व्याख्या ठरवून दिल्या. वार्ताहराने ‘तुम्ही कोणती व्याख्या धरता?’ एवढे विचारले तरी पुष्कळ काम होईल.

संख्येचेही तसेच. अन्ननलिकेची शस्त्रक्रिया क्वचित करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यू जास्त होतात, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. नेदरलँड्सने 2006 मध्ये रुग्णालयामागे वर्षाला किमान 10 अशी अट घातली आणि 2011 मध्ये ती 20 केली. ‘आमच्या रुग्णालयातली पहिलीच शस्त्रक्रिया’ असे कौतुकाने छापले जाते, तेव्हा मला रुग्णाची काळजी वाटते.

नव्या तंत्राला माझा विरोध नाही. 2012 च्याच एका चाचणीत अन्ननलिकेची शस्त्रक्रिया दुर्बिणीने केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांतला फुप्फुसाचा संसर्ग 29 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आला. ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती ठणकावून सांगावी. पण ती कळली मोजल्यामुळे, यंत्राच्या फोटोमुळे नाही.

रुग्णाचे जेवणही मोजता येते. ओजी-25 नावाची एक प्रश्नावली युरोपातल्या कर्करोग संशोधकांनी याच रुग्णांसाठी तयार केली आहे. गिळताना अडकते का, पोट लवकर भरते का, चारचौघांत बसून खायला अवघड जाते का, असे तिच्यातले प्रश्न. शेवटचा प्रश्न वाचला तेव्हा भाऊ लग्नाकार्यात पंगत टाळून बाहेर का उभा राहतो, ते मला समजले. वजन किती घटले, झोप लागते का, जठर पूर्ण काढलेल्यांना बी-12 चे इंजेक्शन वेळेवर मिळते का, हे विचारायला रोबोट लागत नाही. वही, फोन आणि विचारणारा माणूस पुरतो, आणि ही नोंद प्रत्येक शस्त्रक्रिया विभागाने ठेवायला हवी.

आपल्याकडे माझे मागणे असे. अशी बातमी आली तर छापा, सर्जनांचे कौतुकही करा. सोबत त्या रुग्णालयात वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात आणि त्यांतले किती रुग्ण वर्षभरानंतर हयात असतात, हे दोन आकडे मागा. ते मिळाले नाहीत तर मिळाले नाहीत असे छापा. आणि वर्षभराने त्याच रुग्णाकडे, त्याची संमती घेऊन, वार्ताहराला पुन्हा पाठवा. सुरुवात माझ्या भावापासून करायची असेल तर तो बोलायला तयार आहे. त्याला विचारूनच हे पत्र पाठवत आहे.

आपला,
एक नियमित वाचक