हिमाचलमधल्या हमटा खिंडीतल्या मेंढपाळकाकांना

काका,

तुमचं नाव मी विचारलं नाही. त्या दिवशी ओठ इतके बधिर झाले होते की साधं ‘धन्यवाद’सुद्धा म्हणता आलं नाही. ते न म्हटलेलं तीन आठवडे घशाशी अडकून बसलंय. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणं अवघड आहे, हे ठाऊक आहे. पण वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या वाटेने गेलं आणि चोल्यात, म्हणजे लोकरीच्या सैल अंगरख्यात, कोकरू घेतलेले, कमरेला काळ्या लोकरीचा दोर गुंडाळलेले, तिकडच्या गद्दी मेंढपाळांपैकी एक काका भेटले, तर साताऱ्याच्या बाईचा नमस्कार सांगा.

जुलैचा पहिला आठवडा होता. खिंडीआधीच्या बालू का घेरा या तळावरून निघालो तेव्हापासून पाऊस लागला होता. पाऊस मला नवा नाही. सज्जनगड, ठोसेघर, कास मी दर वर्षी भिजत फिरते. पण 14,000 फुटांवर हवा इतकी विरळ असते की चार पावलं टाकली की थांबावं लागतं, आणि थांबलं की ओले कपडे अंगातली ऊब ओढून घेतात. चाललं तर दम, थांबलं तर हुडहुडी.

या ट्रेकसाठी ज्यांना आम्ही पैसे मोजले होते, त्यांनी सांगितलं होतं की शेवटच्या माणसामागे कायम एक गाइड असेल. भाड्याने दिलेला पोंचो खांद्यावर उसवलेला निघाला, ते मी सोडून देते. पण बर्फाच्या पट्ट्याआधी ‘मॅडम, तुम्ही या सावकाश’ म्हणून आमचा लीडर पुढच्यांबरोबर निघून गेला. बावन्न वर्षांच्या बाईला धुक्यात एकटं सोडून जाताना त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. हे मला अजून पचलेलं नाही.

खिंड ओलांडली आणि शिया गोरूच्या तळाकडचा तीव्र, घसाऱ्याचा उतार समोर आला, तेव्हा डाव्या बुटाची लेस सुटली. बोटं वळेनात. तीनदा प्रयत्न केला, मग दगडावर बसून रडले. एका लेससाठी.

आधी मेंढ्या आल्या, मग कुत्रा, मग तुम्ही. काही विचारलं नाहीत. चोल्यातलं कोकरू काढून माझ्या मांडीवर ठेवलंत, म्हणालात, ‘इसको पकड़ो बेटी’, आणि त्या चिखलात गुडघे टेकून बसलात. मी ‘नको, नको’ म्हणत पाय मागे घेतला. आमच्याकडे वडीलधाऱ्यांनी धाकट्यांच्या पायाला हात लावू नये म्हणतात. तुम्ही पाय तसाच धरून ठेवलात. डावी लेस बांधलीत, मग न सुटलेली उजवीही सोडून पुन्हा घट्ट बांधलीत. तोवर माझी बोटं त्या कोकराच्या पोटाखाली गेली होती आणि हळूहळू जिवंत होत होती. कोकरू तुम्ही आपले हात मोकळे व्हावेत म्हणून दिलंत की माझे हात गरम व्हावेत म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही.

मग तुम्ही कळपामागे आणि मी तुमच्यामागे. धुकं दाटलं की तुम्ही शीळ घालायचात. ती मेंढ्यांसाठी होती असं मी आधी समजले, पण मेंढ्या तर पुढे होत्या आणि तुम्ही मान मागे वळवून शीळ घालत होतात.

काका, तुम्हाला माझ्याकडून काही मिळायचं नव्हतं. शेकडो जनावरं त्या पावसात खिंडीपलीकडच्या लाहौलच्या कुरणांकडे न्यायची होती, प्रत्येक मिनिट मोलाचं होतं. तरी तुम्ही थांबलात. आमच्या माणदेशातले धनगरही असेच. वाटसरूला पाणी विचारल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. जी माणसं मुक्या जिवाच्या चालीने चालतात, त्यांना मागे पडलेला दिसतो, असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी तंबूत तुमची गाठ सुटेना. भिजून ती आणखी आवळली होती. सोबतची मुलगी चाकू घेऊन आली, म्हणाली, ‘काकू, कापून टाकू या.’ मी तिला हात लावू दिला नाही. चहाचा गरम पेला दोन्ही हातांत धरून बसले, आणि बोटं नीट वळायला लागल्यावर ती गाठ माझी मीच सोडवली.

तुमची,
साताऱ्याची बेटी