उजव्या कानात बोट घालून बसलेल्या दादांना

कुडाळचे स्पीकरवाले दादा, सप्रेम नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हणून झालंय, पण त्या दिवशी मला धड बोलताच आलं नाही. घसा दाटला होता आणि तुमची परतीची एसटी चुकेल म्हणून तुमचीही घाई. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. इथले राजापूरचे जुने लोक बाबांना ओळखतील, त्यांच्यापैकी निम्म्यांचे रेडिओ बाबांनीच दुरुस्त केलेत.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. बाबांचं बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. वॉल्व्हचे, म्हणजे आत काचेच्या नळ्या तापून चालणारे रेडिओ, मर्फी, बुश, फिलिप्स, ज्यांचं लायसन पोस्टात भरायला लागायचं ते. लोकांनी टाकून दिलेल्या रेडिओंमधले ईएल ८४ वॉल्व्ह जमवून त्यांनी घरासाठी एक स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर बांधला, एका बाजूला एक वॉल्व्ह, जेमतेम चार वॉट. हा वॉल्व्ह बाजारात आला १९५३ ला आणि बाबांचा जन्म १९४६ चा, त्यामुळे ते त्याला 'माझा धाकटा भाऊ' म्हणतात. अर्जुना नदीचं पाणी बाजारात शिरलं त्या वर्षी त्यांचे स्पीकर दुकानात होते, ते गेले. अ‍ॅम्प्लिफायर घरी माळ्यावर होता म्हणून वाचला.

आई गेल्यावर बाबा बोलायचेच बंद झाले. म्हटलं निदान गाणी तरी ऐकतील, म्हणून मी शहरातल्या एका मोठ्या शोरूममध्ये गेले. नाव घेत नाही. तिथला माणूस पूर्ण वेळ माझ्या नवऱ्याकडे बघून बोलत होता, ज्या बिचाऱ्याला लाल वायर कुठे आणि काळी कुठे हेही माहीत नाही. चार वॉट म्हटल्यावर तो हसला, म्हणाला मॅडम, तो डबा भंगारात द्या, शंभर वॉटचा घ्या. आता ३००बी नावाच्या वॉल्व्हचे सिंगल-एंडेड, म्हणजे बाबांच्यासारखेच एका बाजूला एकच वॉल्व्ह असलेले अ‍ॅम्प्लिफायर आठेक वॉट देतात आणि लोक त्यासाठी लाखांनी पैसे मोजतात हे मला तेव्हा माहीत असतं तर मीही हसले असते. शेवटी त्याने ८४ डीबीचे (एका वॉटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो त्याचा हा आकडा) स्पीकर गळ्यात मारले. घरी लावले तर आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा, आणि एका पावसाळ्यात एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुश्याचा डबा खालून पाव फुगावा तसा फुगला. फोन केला तर म्हणे कोकणातल्या हवेची वॉरंटी नसते. बाबा काही बोलले नाहीत, अ‍ॅम्प्लिफायरवर जुनं धोतर टाकून झाकून ठेवलं, बस.

मग तुम्ही आलात. दोन स्पीकर गोधडीत गुंडाळून, एसटीने, दोन्ही मांडीवर घेऊन बसलेले. मी ओटीवरून बघत होते, मला वाटलं कोणी तान्ही जुळी घेऊन येतंय! आतून मरीन प्लाय, बाहेरून फणसाची फळी, त्यात एकच सहा इंची कागदी कोन, ९३ डीबीचा, मध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे खर्ज आणि बारीक आवाज वेगळे करणारं सर्किट वगैरे काही नाही. तुम्ही सांगितलंत तो हिशोब आता मी सगळ्यांना ऐकवते, की दर तीन डीबीला वॉट दुप्पट लागतात, म्हणजे नऊ डीबीचा फरक असला की आठपट. तुमच्या स्पीकरला चार वॉटमध्ये जेवढा आवाज येतो तेवढ्यासाठी त्या शोरूमवाल्या डब्याला बत्तीस वॉट हवे होते. दोष बाबांच्या अ‍ॅम्प्लिफायरचा नव्हताच, आणि हे तुम्ही माझ्याकडे नाही, बाबांकडे बघून सांगितलंत.

तुम्ही आधी स्पीकरच्या वायरी जोडल्यात, मग प्लगला हात लावलात. स्पीकर जोडल्याशिवाय वॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर चालू केला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, या एका गोष्टीवरून मी लहानपणी धपाटे खाल्लेत. बाबांनी ते बरोब्बर टिपलं. हळूच म्हणाले, "पोराला कळतंय हां." किती महिन्यांनी आपणहून काढलेलं वाक्य ते!

पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं. तुम्ही विचारलंत, बाबा बसतात कुठे?

आजवर कोणीच हे विचारलं नव्हतं. मी सुद्धा नाही, मी आपली टीव्हीच्या दोन बाजूंना जागा करून ठेवलेली. बाबा बसतात माजघराच्या दाराशी, आरामखुर्चीत, आणि त्यांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही म्हणून मान थोडी वळवून. मी हे सगळं ओशाळून सांगत होते तोवर तुम्ही जाऊन त्या खुर्चीत बसलात, उजव्या कानात बोट घातलंत, मान त्यांच्यासारखीच वळवलीत आणि म्हणालात लावा.

अर्धा तास तुम्ही तसेच. उठायचं, स्पीकर वीतभर सरकवायचा, परत बसायचं, परत बोट कानात. दोन्ही स्पीकर डावीकडे घेतलेत, चिऱ्याच्या भिंतीच्या जवळ, म्हणजे लहान डब्याला भिंतीमुळे खर्ज मिळतो. आठ फुटांवरून चार फुटांवर आणलेत, अंतर निम्मं केलं की चौपट वॉट मिळाल्यासारखं, खोलीत थोडं कमी एवढंच. आणि बाबांना म्हणालात, काळजी नको, तुमच्या आवडीची जुनी रेकॉर्डिंग मोनोच आहेत, दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज, एका कानाने ऐकलंत तरी गायचं काही सुटणार नाही. बाबा हसले की हो!

मग माणिक वर्मांचा आवाज लागला आणि बाबांची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरायला लागली. तुम्ही तोवर उठून मागीलदारी गेला होतात, कोकमं वाळत घातलेली बघत उभे होतात. मुद्दाम गेलात, मला कळलं ते.

रात्री बाबांनी सांगितलं, दुकानात रेडिओ आला की ते गिऱ्हाइकाला आधी विचारायचे, घरात ठेवता कुठे? चुलीपाशी असेल तर आत काजळी, समुद्राकडच्या खिडकीत असेल तर खाऱ्या हवेने गंज. अर्धी दुरुस्ती त्या उत्तरात असायची म्हणे. शोरूममध्ये एसी, कॉफी, काचेची दारं सगळं होतं, फक्त हा एक प्रश्न नव्हता. चांगुलपणाला काही फार लागत नाही हो, पण तेवढंही लोकांकडून होत नाही त्याचा मला अजून राग येतो.

पंधरा दिवस ऐका, नाही आवडले तर येऊन घेऊन जाईन म्हणालात, अ‍ॅडव्हान्सला हात लावला नाहीत. चौथ्या दिवशीच बाबांनी ते धोतर फाडून त्याची फडकी केली, वायरी जोडायची टर्मिनल पुसायला. पावसात रोज पुसणार म्हणतायत. पैसे पाठवलेत, बघा आले का.

आणि परवा सकाळच्या एसटीने कापा फणस पाठवतेय, कंडक्टरला सांगून ठेवलंय. मोठा आहे, कुडाळ स्टँडवर न्यायला येताना गोधडी आणा.