मुलांच्या छायाचित्रांसाठी लेखी संमती घ्यावी

महोदय,

फोंड्यात माझा कुटुंबांची व लहान मुलांची छायाचित्रे काढणारा छोटा स्टुडिओ आहे. चतुर्थीत आम्ही घरोघरी जातो. गणपतीच्या वर फळे-पाने टांगून सजवलेल्या माटोळीखाली सगळे कुटुंब उभे राहते आणि धाकटे मूल मात्र वर टांगलेल्या सुपारीच्या घोसाकडेच पाहत राहते. त्याची नजर खाली येईपर्यंत गुडघ्यावर बसून थांबणे, हेच आमचे निम्मे काम.

गेल्या वर्षी मी काढलेले अशाच एका मुलीचे छायाचित्र एका दुकानाच्या जाहिरात फलकावर झळकले. दुकानदाराने ते माझ्या समाजमाध्यमावरील पानावरून उचलले होते, आणि तेथे ते टाकताना मीही तिच्या आईला विचारले नव्हते. याचे मला आजही वाईट वाटते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा स्वामित्वहक्क प्रथम ते काढून घेणाऱ्या ग्राहकाचा असतो, छायाचित्रकाराचा नव्हे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळण्याजोग्या संमतीची तरतूद आहे.

आता मी पावतीवरच छायाचित्र प्रसिद्ध करावे का, कोठे आणि किती काळ, हे लिहून घेतो. नकार दिला तरी दर तोच राहतो. गोव्यातील माझ्या व्यवसायबंधूंनी ही पद्धत स्वीकारावी आणि पालकांनीही आगाऊ रक्कम देण्यापूर्वी तसे लिहून मागावे, अशी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक छायाचित्रकार, फोंडा