भरतपूर ‘वाटेत’ उरकू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी तोंडावर आली की वृत्तपत्रांत ‘दिल्ली-आग्रा-जयपूर’ सहलींच्या जाहिराती झळकू लागतात. बहुतेकांच्या कार्यक्रमपत्रिकेत फत्तेपूर सिक्रीनंतर आणि जयपूरच्या मुक्कामाआधी एक ओळ ठरलेली असते: ‘वाटेत भरतपूर पक्षी अभयारण्य’. वाटेत म्हणजे जेवण आटोपून दुपारी एक ते तीन. त्या वेळी या अभयारण्यात, म्हणजे केवलादेव उद्यानात, गेलेला माणूस ‘चार बगळे आणि दोन माकडं पाहिली’ असं सांगत परततो, आणि त्यात त्याची चूक नसते.

मुख्य दरवाजापासून केवलादेवाच्या देवळापर्यंत सरळ रस्ता आहे, साधारण पाच किलोमीटरचा. शांतिकुटीरच्या नाक्यापर्यंतचा भाग कोरड्या झुडपांचा. खरी पाणथळ त्याच्या पुढे. तिथे मोटार जात नाही. सायकल, रिक्षा किंवा आपले पाय. म्हणजे दोन तासांतला बराच वेळ नुसत्या जाण्यायेण्यात जातो. शिवाय दुपारी बदकं पाठीच्या पिसांत चोच खुपसून मधल्या पाण्यात झोपलेली असतात आणि उन्हाच्या झळांनी दुर्बिणीतलं चित्र हलत राहतं. सूर्योदयाला आत शिरून दहापर्यंत एक फेरी आणि तीननंतर दुसरी, असं केलं तरच हे उद्यान दिसतं. त्यासाठी भरतपुरात दोन रात्री हव्यात.

कधी जावं, याबाबतही गैरसमज आहे. नाताळच्या सुट्टीत सगळ्यात जास्त गर्दी होते, आणि नेमकं तेव्हाच धुकं सगळ्यात दाट असतं. डिसेंबरअखेर ते जानेवारी मध्यापर्यंत काही दिवस सकाळी नऊ-दहापर्यंत दहा हातांवरचं झाड दिसत नाही. अशा दिवशी पहाटे पाचला उठून कुडकुडण्यात अर्थ नाही, उशिरा जावं. आमच्या मते दिवाळीनंतरचे तीन-चार आठवडे उत्तम. पावसाळ्यात पाण्यातल्या बाभळींवर घरटी केलेल्या चित्रबलाक करकोच्यांची मोठी झालेली पिल्लं तेव्हा अजून झाडांवर असतात, आणि उत्तरेकडून तलवार बदकं, थापट्या बदकं, पट्टकादंब हंस उतरू लागलेले असतात. दोन्ही हंगाम एकाच तिकिटात.

एक चित्रबलाक निवडून त्याच्यासमोर पंधरा मिनिटं थांबा. तो अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून ती डावी-उजवीकडे फिरवत चालतो आणि एका पायाने चिखल ढवळतो. मासा नजरेने शोधत नाही. चोचीला स्पर्श झाला की ती मिटते. शेजारच्या ओंडक्यावर सापमान्या (सापासारख्या लांब मानेचा पाणपक्षी) पंख पसरून उभा असेल. त्याची पिसं बदकासारखी पाणी झटकून टाकत नाहीत, म्हणून बुडी मारणं सोपं जातं आणि नंतर वाळवत बसावं लागतं.

रिक्षावाल्यांविषयी दोन शब्द. यांतले बरेच जण वर्षानुवर्षं पक्षी दाखवत आले आहेत आणि फांदीच्या सालीत मिसळून गेलेलं घुबड बोटाने दाखवतात. ताशी दर दरवाजावरच्या फलकावर पाहून घ्यावा आणि फेरी किती तासांची ते आधी बोलून ठेवावं. नाहीतर निम्मी फेरी घड्याळाकडे बघण्यात जाते. दुर्बीण आठ पट वाढीची पुरे. बारा पटीची हातात थरथरते. हिवाळ्यात अजगर उन्हाला बिळाच्या तोंडाशी येतात. पाच-सात जणांनी घोळका केला की ते परत आत सरकतात आणि त्या दिवसाचं त्यांचं ऊन बुडतं, तेव्हा लांबूनच पाहावं.

‘सायबेरियन क्रौंच दाखवतो’ म्हणणाऱ्याला मात्र हसून नमस्कार करावा. या क्रौंचांची इथली शेवटची नोंद २००२ची आहे. आज दिसतो तो सारस, आपल्याकडे गोंदियात मोजकेच उरलेत तो.

पण निघण्यापूर्वी विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पक्ष्यांचा नाही, पाण्याचा आहे: ‘यंदा पाणी किती आलंय?’ सुमारे २९ चौरस किलोमीटरचं हे उद्यान मुळात अठराव्या शतकात बांध घालून खोलगट जमिनीत पाणी साठवल्यामुळे घडलं. आत बांधांनी पाडलेले कप्पे आहेत आणि झडपा उघडून एकेका कप्प्यात पाणी सोडतात. वर्षाला सुमारे ५५ कोटी घनफूट पाणी लागतं. पूर्वी ते गंभीर नदीतून अजान बांधमार्गे येई. वर करौली जिल्ह्यात पांचना धरण झालं, शेतीची मागणी वाढली आणि पावसाच्या तुटीच्या वर्षी उद्यान कोरडं पडू लागलं. आता गोवर्धन नाल्याचं आणि चंबळच्या नळयोजनेचं पाणी मदतीला घेतात. पाणी कमी असेल तर घरटी कमी आणि बदकंही कमी. महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत १९८१ साली आणि जागतिक वारसा यादीत १९८५ साली नाव लागलं, तरी पाणी काही आपोआप येत नाही. देवळाजवळच्या शिलालेखांवर जुन्या शिकारींचे आकडे कोरलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो दगड वाचल्याशिवाय देवळापासून मागे वळू नये.

पाण्याची हीच गोष्ट भरतपूरच्या किल्ल्यालाही लागू आहे, आणि मराठी प्रवासी नेमका किल्लाच वगळतात. नाव लोहगड. आपल्या लोणावळ्याजवळच्या लोहगडाची सवय असलेल्याला इथे ना चढण, ना कडा. ‘हा कसला किल्ला’ असं वाटतं. भरतपूरचा जाट राजा सूरजमल याच्या काळातल्या या भुईकोटाचं बळ मातीच्या जाडजूड तटात आणि खंदकात होतं. तोफेचा गोळा दगडी भिंत फोडतो, मातीत मात्र रुतून बसतो. इंग्रजांकडून डीगला झालेल्या पराभवानंतर यशवंतराव होळकर याच भरतपूरच्या आसऱ्याला आले. त्यांच्या पाठोपाठ आलेल्या इंग्रज सेनापती जनरल लेकने जानेवारी-फेब्रुवारी १८०५ मध्ये चार वेळा हल्ला चढवला आणि चारही वेळा तो हटला. खिंडार पडे, पण खंदकात पाणी चढवून ठेवलेलं असल्यामुळे आणलेला पूलच तोकडा पडला. अखेर १८२६ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, तो आधी मोती झिलीचा बांध ताब्यात घेऊन, खंदकात पाणी येऊ न देता. मग सुरुंग लावून बुरूज उडवला.

आज खंदकात, म्हणजे सुजान गंगेत, पाणी आहे पण त्याची दशा पाहवत नाही. तरी उत्तरेचा अष्टधातू दरवाजा आणि जवाहर बुरुजावरचा वंशावळ कोरलेला लोखंडी स्तंभ पाहावा. आतलं संग्रहालय धरून अडीच-तीन तास लागतात. दोन फेऱ्यांच्या मधली दुपार यासाठीच ठेवावी.

तिसऱ्या दिवशी सकाळी डीग, उत्तरेला सुमारे ३५ किलोमीटर. पानिपतावर जखमी झालेले, बाजीराव-मस्तानीचे चिरंजीव समशेर बहादूर यांनी प्राण सोडले ते याच गावी. पानिपतातून वाचलेल्या मराठ्यांना सूरजमलाने अन्न-वस्त्र-आसरा दिला, हेही इथे आठवतं. जलमहालांत गच्चीवरचा हौद विचारून पाहावा. त्याच्या भिंतीत ओळीने भोकं आहेत आणि प्रत्येक भोकाची नळी वेगवेगळ्या कारंज्यांना जाते. भोकात रंगाची पुरचुंडी अडकवली की तेवढीच कारंजी रंगीत उडत. हौद भरायला बैल मोटेने पाणी ओढत. कारंजी आता वर्षातून मोजक्याच सणांना चालतात, तेव्हा ‘रंगीत कारंजी’ असं छापणाऱ्या सहल कंपनीला तारीख विचारावी. गोपाळ भवनासमोरचा संगमरवरी हिंदोळा मात्र रोज दिसतो. दिल्लीच्या लुटीतून तो आणल्याचं सांगतात.

जाण्यायेण्याची अडचण नाही. मुंबईहून सुवर्णमंदिर मेल आणि पश्चिम एक्सप्रेस भरतपूरला थांबतात, राजधानी नव्हे. आग्रा इथून ५५ किलोमीटर. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, म्हणून शुक्रवार भरतपूरला द्यावा. डीगच्या महालांचा सुटीचा वार मात्र निघण्यापूर्वी विचारून घ्यावा.

सहल कंपन्यांना विनंती एवढीच, की जयपूरमधला खरेदीचा एक अर्धा दिवस कमी करून तो इकडे जोडावा. ते जमत नसेल तर पत्रिकेतून भरतपूरची ओळ काढून टाकावी.

कळावे,
आपले विश्वासू,
काही पक्षीनिरीक्षक वाचक, पुणे