होम्सची निळी बाटली

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

गेल्या भेटीत तू शेरलॉक होम्सला ‘नुसते डोके, काळजाच्या नावाने शून्य’ म्हणालास, आणि मला तिथल्या तिथे उत्तर सुचले नाही. परवा बुरखेवाल्या भाडेकरणीची गोष्ट (ती १९२७ सालची) पुन्हा वाचली, म्हणून हे पत्र.

सर्कशीतल्या सिंहाने चेहरा फाडलेली युजिनिया राँडर लंडनच्या ब्रिक्स्टन भागात सात वर्षे बुरख्याआड राहते आहे. तिच्या क्रूर नवऱ्याचा खून तिच्या संमतीने तिच्या प्रियकराने केला होता, पण तोही आता समुद्रात बुडून मेला आहे. म्हणजे होम्सला पकडायला कोणी उरलेलेच नाही. तो नुसता ऐकतो. तिचे सांगून झाल्यावर हात लांब करून तिचा हात थोपटतो, आणि असे करताना त्याला आपण क्वचितच पाहिले, हे त्याचा मित्र आणि गोष्ट सांगणारा वॉटसन आवर्जून नोंदवतो.

खरी जागा मात्र पुढे आहे. दोघे निघायला उठतात, ती काही साधेसेच बोलते, आणि तिच्या आवाजातले काहीतरी ऐकून होम्स गर्रकन वळतो : तुझे आयुष्य तुझे एकटीचे नाही, त्याला हात लावू नकोस. पाठोपाठ मुकाट सोसण्याच्या थोरवीवर तो जे सुनावतो ते मला अजिबात पटत नाही. ज्याचा चेहरा धड आहे त्याने ते सांगणे सोपे, आणि तीही उत्तरादाखल बुरखाच वर करते. पण बुटावरच्या चिखलावरून माणूस कुठून आला ते सांगणारी त्याची नजर आणि त्या आवाजातला मरणाचा विचार टिपणारा कान मला एकच वाटतो. दुसऱ्या एका गोष्टीत हंसाच्या पोटात चोरलेले रत्न दडवणाऱ्या रायडरला त्याने नाताळात दार उघडून सोडून दिले, ते मी यापुढे दुय्यम मानतो. रायडर निदान पाया तरी पडला होता. या बाईने काहीच मागितले नव्हते.

दोन दिवसांनी वॉटसन बेकर स्ट्रीटवर होम्सच्या घरी येतो. शेकोटीवरच्या फळीवर विषाची लाल चिठ्ठी लावलेली छोटी निळी बाटली असते; उघडताच बदामासारखा वास येतो. तिने ती टपालाने पाठवून दिली आहे. एरवी लोकांच्या वाहवेला कंटाळलेला हा गृहस्थ ती बाटली वॉटसनला अभिमानाने दाखवतो.

तुझा,
जुना वाचनसोबती